भिंतीपलीकडचा रियाज

१९७१ च्या मे महिन्यात मी बारा वर्षांचा होतो आणि बडोद्यातल्या एका जुन्या वाड्यात रोज सकाळी व्हायोलिन शिकायला जात होतो. शाळेला सुट्टी, म्हणून मास्तरांनी ‘सुट्टीचा वर्ग’ काढला होता. आम्ही सात मुलं सतरंजीवर मांडी घालून बसायचो. व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवलेलं. मास्तर एक अलंकार द्यायचे आणि चहा प्यायला आत जायचे. आम्हांला वाटायचं, सुटलो. एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज यायचा, “तिसरा कोण आहे रे? निषाद उतरलाय.” तिसरा बहुतेक मीच असायचो.

एरवी वर्षभर आठवड्यातून दोनदा शिकवणी व्हायची. घरी काय वाजवलं, किती वाजवलं, हे मास्तरांना कळायला मार्ग नव्हता. सुट्टीत मात्र आमचा रियाज त्यांच्या कानाखाली होता. त्या एका महिन्यात मी जेवढं शिकलो तेवढं आधीच्या वर्षात शिकलो नव्हतो. आणि पुढच्याच वर्षीच्या सुट्टीत, सारखी तीच चूक होते म्हणून मास्तरांनी गजाच्या काडीने माझ्या बोटांच्या पेरांवर मारलं, त्यानंतर मी व्हायोलिन पुन्हा हातात धरलं नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी भाची. ती बंगळुरूला असते. तिची तेरा वर्षांची मुलगी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते आणि तिच्या शिक्षिकेने परदेशातल्या एका उन्हाळी शिबिराचा अर्ज भरायला सांगितला आहे. सात आठवडे घरापासून लांब, दिवसाचे चार-पाच तास रियाज. भाचीने फोनवर विचारलं, “मामा, तुला काय वाटतं? पाठवू का?” मला एकदम उत्तर देता आलं नाही. अशी शिबिरं मुळात कुणी काढली, कशासाठी काढली, त्यांतून काय निघालं, हे मी वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

अमेरिकेत मुलांना उन्हाळ्यात संगीतासाठी रानावनात नेण्याची पद्धत तशी जुनी. मिशिगनमधल्या इंटरलॉकन इथे जोसेफ मॅडी यांनी १९२८ मध्ये शाळकरी वादकांचं शिबिर सुरू केलं. १९४० मध्ये टँगलवुडला कुसेवित्स्की यांनी तरुण वादकांसाठी उन्हाळी केंद्र काढलं. या दोन्ही ठिकाणी केंद्रस्थानी होता वाद्यवृंद. शंभर जणांनी एकत्र वाजवायचं, एका हाताच्या इशाऱ्यावर चालायचं. १९४४ मध्ये इव्हान गालामियान यांनी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत जे शिबिर काढलं त्याचा रोख निराळा होता. तिथे भर होता एकट्याने, दार लावून करायच्या रियाजावर.

गालामियान जन्माने आर्मेनियन. १९०३ मध्ये इराणातल्या तबरीझ इथे जन्म, बालपण मॉस्कोत. तिथे ते कॉन्स्टन्टिन मोस्त्रास यांच्याकडे शिकले. क्रांतीनंतरच्या धामधुमीत ते पॅरिसला आले आणि ल्युसियाँ कापे यांच्याकडे गजाचं शास्त्र शिकले. गज तारेवर किती दाबाचा, किती वेगाचा, घोडीपासून किती अंतरावर, यावर कापे यांनी आयुष्य घालवलं होतं. गालामियान यांनी पॅरिसमध्ये जाहीर कार्यक्रमही केले, पण मंचावर त्यांना धास्ती वाटे. शेवटी त्यांनी वाजवणं मागे ठेवलं आणि शिकवणं पत्करलं. १९३७ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, पुढे कर्टिस आणि ज्युलियार्ड या दोन्ही नामांकित संस्थांत शिकवू लागले.

या माणसाला उन्हाळी शिबिराची गरज का भासली असावी, हे मला माझ्या बडोद्याच्या सतरंजीवरून समजतं. शहरातल्या संस्थेत विद्यार्थी आठवड्यातून एकदा तासभर भेटतो. तो तास म्हणजे रियाजाचा निकाल. प्रत्यक्ष रियाज गुरूला दिसतच नाही. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत तर तेवढीही भेट नाही. मेडोमाउंटला हे सगळं उलटं झालं. खोल्या शेजारी शेजारी, भिंती पातळ, आणि बाहेरच्या वाटेवरून जाणाऱ्या गुरूला प्रत्येक दारामागचा आवाज ऐकू येई. आपल्याकडे गुरुगृही राहून शिकण्याचं मर्म यापेक्षा वेगळं नव्हतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथेही निवडक शिष्य त्यांच्याजवळ राहून शिकत. गुरू सांगतो ते महत्त्वाचं असतंच, पण तो आपल्या चुका होताना ऐकतो, हे त्याहून महत्त्वाचं असतं.

मेडोमाउंट हे नाव मात्र गालामियान यांनी ठेवलेलं नाही. ती मिलहॉलंड घराण्याची उन्हाळ्यात राहण्याची वाडी होती. १९१३ मध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला, तेव्हा पांढऱ्या घोड्यावर बसून अग्रभागी असलेली इनेझ मिलहॉलंड ती याच घरातली. ज्या जागेत एका मुलीने मोकळेपणा शिकला असेल, तिथे पुढे मुलांना खोलीत बसवून पाच-पाच तास सप्तकं घोटायला लावली गेली.

ती सप्तकंही साधी नव्हेत. गालामियान यांचं म्हणणं असं की वादनातली खरी अडचण बोटांत नसून मन आणि स्नायू यांच्यामध्ये असते. मनाने आज्ञा द्यावी आणि हाताने ती तत्काळ, अचूक पाळावी, हा दुवा पक्का करणं म्हणजे तंत्र. म्हणून एकच ओळ ते वेगवेगळ्या लयीत, वेगवेगळ्या गजकामात वाजवायला लावत. हाताला सवय लागून मन झोपी जाऊ नये यासाठी. १९६२ मध्ये निघालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी रियाजाचे तीन भाग सांगितले आहेत: घडणीचा वेळ, अर्थ लावण्याचा वेळ आणि अखंड वाजवण्याचा वेळ. चुकलं की थांबायचं, हे पहिल्या भागात. चुकलं तरी थांबायचं नाही, हे तिसऱ्या भागात. माझ्या मास्तरांकडे पहिलाच भाग होता. उरलेले दोन असतात हे मला साठीनंतर कळलं.

या शिबिराशी नाही, तरी या गुरूशी मुंबईचा थेट धागा आहे. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे मेहली मेहता हे पारशी व्हायोलिनवादक १९४५ मध्ये, वयाची पस्तिशी उलटल्यावर, बायको आणि दोन मुलं मागे ठेवून न्यूयॉर्कला गेले ते गालामियान यांच्याकडे शिकायला. थोरला मुलगा झुबिन तेव्हा नऊ वर्षांचा होता. नाव झालेल्या माणसाने विद्यार्थी होऊन पुन्हा गज धरायला शिकावं, हे सोपं नाही. मेहली पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये तिथे त्यांनी तरुणांचा वाद्यवृंद काढला. तो त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ चालवला. गुरूकडून घेतलेलं त्यांनी असं पुढच्या मुलांना दिलं.

आता मेडोमाउंटमधून काय निघालं ते पाहू. नावं घ्यायची तर इत्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन, जेमी लारेडो. चेलोवादक लेनर्ड रोझ तिथे शिकवत, त्यामुळे चेलोवाल्यांचीही ये-जा असे. शिबिराच्या माहितीपत्रकात हीच नावं असतात आणि आईबाप ती वाचून अर्ज भरतात. पण त्याच यादीत मायकेल रेबिनही आहे. लहानपणीच विलक्षण वाजवणारा हा मुलगा गालामियान यांचा लाडका शिष्य. मोठेपणी त्याची कारकीर्द डळमळली आणि १९७२ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, राहत्या घरात पडून तो गेला. याचं खापर शिबिरावर फोडणं अन्यायाचं होईल. माणसाचं आयुष्य एका उन्हाळ्याने ठरत नाही. तरी नुसती यशस्वी नावं मोजणंही तितकंच अपुरं आहे.

मला सगळ्यांत जवळची वाटली ती यो-यो मा यांची गोष्ट. पॅरिसमध्ये जन्मलेल्या या चिनी मुलाच्या घरात वडिलांची कडक शिस्त. पंधराव्या वर्षी तो मेडोमाउंटला आला, म्हणजे जवळजवळ त्याच सुमाराला जेव्हा मी बडोद्यात सतरंजीवर बसून निषाद चुकवत होतो. घरापासून लांब राहण्याचा हा त्याचा पहिलाच प्रसंग. त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे की तिथे तो अगदी मोकाट सुटला. तालमींना दांड्या मारल्या, मध्यरात्री पोहायला पळाला, चेलो पावसात बाहेर विसरला. आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच्या सांगण्याप्रमाणे, तो वाजवतानाही पहिल्यांदा मोकळा झाला. ज्या शिबिराची ख्याती शिस्तीसाठी, तिथे या मुलाला सापडला तो मोकळेपणा. गालामियान यांच्या कुठल्याही आराखड्यात हे बसणारं नव्हतं.

शिस्तीच्या या घडीला तडा गेला तोही उन्हाळ्यावरूनच. डोरोथी डिले या १९४८ पासून गालामियान यांच्या सहायक. त्यांची रीत वेगळी होती. गुरू सांगत, असं वाजव; डिले विचारत, तुला इथे काय हवं आहे? पर्लमन यांनी दोघांकडे शिकून हा फरक अनुभवला. १९७० च्या सुमारास डिलेंनी कळवलं की यापुढे उन्हाळ्यात आपण मेडोमाउंटला न येता कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पनला शिकवू. वीसहून अधिक वर्षांचं नातं त्या एका निरोपाने तुटलं. दोघं एकाच संस्थेत शिकवत राहिले, पण गालामियान १९८१ मध्ये वारले तोपर्यंत त्यांनी डिलेंशी संबंध ठेवला नाही. आपल्याकडे घराणी अशीच फुटली आहेत, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही; वाईट वाटलं.

आणखी एक धागा मेडोमाउंटलाच सुरू झाला. टोबी फ्रीडलँडर नावाची व्हायोलिन शिकणारी मुलगी तिथे आली होती. पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालणाऱ्या तरुण पर्लमनचं रावेलच्या ‘झिगान’चं वादन तिने ऐकलं, तशीच मंचामागे गेली आणि माझ्याशी लग्न करशील का, असं विचारलं. १९६७ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढे १९९० च्या दशकात याच टोबी पर्लमन यांनी तंतुवाद्यं वाजवणाऱ्या मुलांसाठी स्वतःचं उन्हाळी शिबिर काढलं. ते आज न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावर भरतं. बारा ते अठरा वर्षांची मोजकी मुलं. रियाज तिथेही आहे, भरपूर आहे. पण सगळ्या मुलांनी एकत्र गायचं असा नियम आहे. ज्याचा गळा बेसूर त्यानेही गायचं. व्हायोलिनमध्ये जो कुणाच्या तरी पुढे आहे तो गाण्यात कुणाच्या तरी मागे असतो, आणि आपण श्वास घेतो तसा गजही श्वास घेतो हे गाताना कळतं. स्पर्धेपेक्षा आधार, हा या शिबिराचा घोषित हेतू आहे. एका शिबिरात शिकलेल्या मुलीने तीस वर्षांनी दिलेलं हे उत्तर आहे, असं मी समजतो. तिने मेडोमाउंटला नावं ठेवली नाहीत. त्यात जे नव्हतं ते घातलं.

१९६९ मध्ये लंडनला शूबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाचा कार्यक्रम झाला, त्याचं चित्रीकरण आहे. पर्लमन व्हायोलिनवर, झुकरमन व्हायोलावर, जॅकलिन दु प्रे चेलोवर, बॅरेनबॉइम पियानोवर आणि डबल बास धरून उभा आमच्या मुंबईचा झुबिन मेहता. वाजवण्याआधी ही मंडळी वाद्यांची अदलाबदल करून एकमेकांची चेष्टा करताना दिसतात. पाचांपैकी दोघं गालामियान यांचे शिष्य आणि एक त्यांच्या शिष्याचा मुलगा. त्या हसण्यात मला रियाजाच्या बंद खोल्या दिसत नाहीत. पण त्या नसत्या तर ते हसणंही इतकं निर्धास्त नसतं, हेही खरं.

मी भाचीला फोन केला. म्हटलं, तिथून कोण कोण मोठं झालं ते विचारू नकोस. भिंतीपलीकडे कोण ऐकत असतं आणि चूक ऐकू आल्यावर तो काय करतो, ते विचार. संध्याकाळी मुलं काय करतात तेही विचार. ती म्हणाली, “हे अर्जात कुठे असतं का मामा?” नसतं, हे खरं. मग ती म्हणाली, मागच्या वर्षी जाऊन आलेल्या एका मुलीच्या आईचा नंबर आहे, तिलाच विचारते.

मागे पोरीचा सराव चालू होता. संथ, एकेक स्वर सुटा. वर जाताना सातवा स्वर किंचित उतरला. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मी बोललो नाही. दोन क्षण शांतता झाली आणि तिने तोच स्वर पुन्हा लावला, या वेळी बरोबर.