माहुलची वाफ

मुंबईच्या विजेचा इतिहास सांगताना आपण बहुधा लोणावळ्याच्या धरणांपासून सुरुवात करतो. १९१५ साली खोपोलीची जलविद्युत गिरण्यांपर्यंत पोहोचली. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. १९५६ साली टाटांचे ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले. या साऱ्या कथेत वाफेला फारशी जागा मिळालेली नाही. उपनगरातल्या माहुलचा औद्योगिक इतिहास मात्र वाफेला वगळून लिहिताच येणार नाही.

मुद्दा समजण्यासाठी आधी गिरणीकडे पाहू. जुन्या गिरणीत बॉयलरची वाफ इंजिन फिरवी आणि सुताला खळ देण्यासाठी, कापड रंगवण्यासाठीही वाफच लागे. खोपोलीची वीज आल्यावर इंजिने गेली, पण खळीला आणि रंगाला वाफ लागतच होती, म्हणून बॉयलर राहिले. शक्ती बाहेरून यायची आणि उष्णता घरीच करायची, अशी फारकत तेव्हापासून झाली.

माहुलला हा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९५१च्या करारांनुसार स्टँडर्ड व्हॅक्यूमचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ साली आणि बर्मा-शेलचा १९५५ साली सुरू झाला. राष्ट्रीयीकरणानंतर त्यांचे आजचे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. अशा कारखान्याला विजेइतकीच वाफेची गरज असते. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात वाफ सोडावी लागते, घट्ट तेल नळांत गोठू नये म्हणून नळ वाफेने गरम ठेवावे लागतात, मोठे पंप आणि कॉम्प्रेसर वाफेवर फिरतात.

गरज दोहोंची असेल तर दोन वेगळे जाळ कशाला? कारखान्याच्या स्वतःच्या वीजघरात वायू जाळून गॅस टर्बाइन फिरवतात आणि वीज करतात. टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. तो चिमणीत सोडण्याआधी बॉयलरमधून नेला की त्याच इंधनावर वाफही मिळते. नुसती वीज करणाऱ्या साध्या औष्णिक केंद्रात इंधनातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच कामी येतो. वीज आणि वाफ एकत्र केली तर ७० ते ८० टक्के. आपल्या वाचकांना हे नवे नाही. साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती ती हीच. तिथे बगॅस जळते, इथे शुद्धीकरणात निघालेला किंवा नळाने आणलेला वायू. या वायूची सोय मुंबईला घराजवळ झाली, कारण १९७४ साली बॉम्बे हायचा शोध लागला आणि तिथला वायू नळाने उरणला उतरू लागला.

शेजारच्या ट्रॉम्बे केंद्रातही १९९०च्या दशकात १८० मेगावॉटचा वायूवर चालणारा संच आला. त्यातही टर्बाइनच्या धुरावर वाफ करतात, पण ती वाफ पुन्हा विजेसाठीच खर्च होते आणि उरलेली उष्णता खाडीच्या पाण्यात जाते. शुद्धीकरण कारखान्यात तीच उष्णता मालाच्या कामी येते.

स्वतःच्या वीजघराचे दुसरे कारण सुरक्षेचे. वीज अचानक गेली तर पंप थांबतात, दाब वाढतो आणि आतला वायू उंच मशालीकडे वळवून जाळावा लागतो. ही मशाल धूर न करता जळावी म्हणून तिच्या टोकाशी वाफ सोडतात. वाफही त्याच वेळी कमी पडली तर ज्वाळेबरोबर काळा धूर निघतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. शहराला असा दिवस गैरसोयीचा जातो. शुद्धीकरण कारखान्याला तो धोक्याचा असतो.

म्हणजे कुंपणाआतल्या वाफेचा कुंपणाबाहेरच्या हवेशी संबंध आहे. तरी तेवढ्यावर माहुलचा हिशेब पुरा होत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाडा परिसरातल्या प्रदूषणासाठी दोन्ही तेल कंपन्या आणि दोन साठवणूक कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई भरायला सांगितली. प्रश्न होता टाक्यांतून आणि माल चढवता-उतरवताना हवेत मिसळणाऱ्या बाष्पांचा. वीजघर कितीही काटकसरी असले तरी ही बाष्पे त्याच्या चिमणीतून जात नाहीत. त्यांना टाकीच्या झाकणाशी आणि टँकरच्या तोंडाशीच अडवावे लागते.

धुरातली उष्णता वाया जाऊ नये म्हणून कारखान्याने बॉयलर बसवला, कारण वाया गेलेल्या उष्णतेची किंमत त्याच्याच खात्यात पडत होती. हवेत गेलेल्या बाष्पाची किंमत माहुलच्या कोळीवाड्यातली आणि पुनर्वसनाच्या इमारतींतली माणसे श्वासातून भरत होती. ती कंपन्यांच्या खात्यावर टाकायला लवादाचा निकाल लागला, आणि तोही कारखाने सुरू झाल्यावर साठ वर्षांहून अधिक काळाने. मुंबईच्या ऊर्जेचा इतिहास लिहिताना मेगावॉटच्या शेजारी हा रकानाही असावा.