हापूरचा गहू आणि तोंडचा आकडा

दिवाळीच्या आठवड्यात गुडगाव-नोएडाच्या घरांत पत्त्यांचे डाव बसतात. तीन पत्ती जुनी, पोकर अलीकडचा, भांडण एकच. एकाने तोंडाने 'हजार' म्हटलं, समोरच्याचा चेहरा पाहिला आणि पाचशेच पुढे सरकवले. आता चाल हजाराची की पाचशेची? कॅसिनोत आपल्या पाळीला उच्चारलेला आकडा पक्का धरतात. घरात दोस्ती आड येते. मग कोणीतरी वकिली आवाज लावून 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 काढतो : पैजेचा करार शून्य, कोर्टात वसुली नाही. विषय संपला, असं त्याला वाटतं.

हापूरच्या बाजारातली एक जुनी गोष्ट त्याला ठाऊक नसते. हापूर दिल्लीपासून साठेक किलोमीटरवर, आज एनसीआरमध्येच मोडतं. 1930 च्या दशकात घेरूलाल पारख आणि महादेवदास मैया यांनी भागीदारीत तिथल्या दोन पेढ्यांशी गव्हाच्या भावावर सौदे केले. गहू घ्यायचा-द्यायचा नव्हताच, चढउताराचा फरक तेवढा चुकवायचा. तोटा आला. हापूरवाल्यांना कोर्टातून एक पैसा मिळाला नसता, तरी महादेवदासांनी सगळी रक्कम चुकती केली आणि भागीदाराकडे निम्मा तोटा मागितला. त्याचं म्हणणं, मुळात पैजच शून्य, मग देणं कसलं? दार्जिलिंगच्या न्यायालयात सुरू झालेला हा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. 1959 मध्ये न्या. सुब्बा राव यांनी निकाल दिला : पैज शून्य आहे, बेकायदा नाही. म्हणून भागीदारी टिकते आणि निम्मा तोटाही द्यावा लागतो.

अनुवाद करताना या दोन शब्दांशी मी बराच वेळ अडून बसते. बेकायदा गोष्टीवर कायदा धावून जातो. शून्य गोष्टीकडे फक्त पाठ करतो. शब्द पाळणाऱ्याचा हात तो धरत नाही.

मुंबईत महादेवदासांचे पैसे बुडाले असते. तिथल्या व्यापाऱ्यांनी कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय भाव येईल यावर पैजा लावल्या होत्या, आणि 1848 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्या वसूल होण्याजोग्या मानल्या. इंग्लंडचा 1845 चा पैजविरोधी कायदा इथे लागू नव्हता. त्याच वर्षी हिंदुस्थानातही कायदा झाला. 1865 मध्ये मुंबई इलाख्याने आणखी पुढे जाऊन पैजेच्या आधाराने केलेले इतर करारही शून्य ठरवले.

जुन्या मराठीत 'पैज' म्हणजे प्रतिज्ञा. पण घरच्या डावात मला त्याहून साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. 'हजार' ऐकताच समोरच्याच्या भुवया हलतात, कोणी पत्ते टाकूनही देतो. बोलणाऱ्याला हवी ती माहिती फुकटात मिळालेली असते. आकडा मागे घेता येईल, ती माहिती कशी परत करणार? म्हणून माझ्या घरी तो हजारच टाकतो. पहिल्यांदाच खेळायला बसलेल्याला एकदा सूट.