आशा एकट्याने राखायची गोष्ट नव्हे

चिंतेच्या काळात आशा कशी टिकवावी, असे विचारले की आज बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. पहाटे उठा, दीर्घ श्वास घ्या, दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी वहीत लिहा, बातम्यांपासून दूर राहा. आशा ही मनाची अवस्था आहे आणि ज्याची त्याने ती आपल्या मनात जपायची, असे या उपदेशात गृहीत धरलेले असते. मला ते मान्य नाही. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले आसगाव डोळ्यांसमोर आणले की त्यातली उणीव स्पष्ट दिसते. धानाच्या मुलखातली चिंता मनात उगवत नाही, ती आभाळातून आणि नदीतून येते.

पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये कृतज्ञतेच्या नोंदींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा कृतज्ञतेच्या नोंदी ठेवणाऱ्यांना आपले आयुष्य बरे वाटले. हा निष्कर्ष मी नाकारत नाही. पण त्यातून सिद्ध होते ते बरे वाटणे. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे तयार आहेत, पावसाने ओढ दिली आहे आणि रोवणी खोळंबली आहे, अशा माणसाला उद्यासाठी काहीतरी करता येईल असा भरवसा हवा असतो.

‘बातम्या बंद करा’ हा सल्ला तर मला घातकच वाटतो. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणाचे पाणी सोडले गेले आणि भंडारा शहरासह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. अशा वेळी किती पाणी सुटले आणि ते कधी पोचेल, हे कळणे हाच आधार असतो. माणूस खचतो तो अर्धवट, फिरत फिरत आलेल्या निरोपांनी. म्हणून रोज ठरल्या वेळी हवामान खात्याचा अंदाज ऐकावा, शंका असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारावे आणि त्यावरून उद्याचे एक काम ठरवावे. ही सवय मी श्वसनाच्या व्यायामाच्या वर ठेवीन.

आता मुख्य मुद्दा. व्हिएन्नाजवळच्या मारियेनथाल गावातली कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळपास सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझर्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची फी माफ झाली होती, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मंडळे ओस पडली. पुरुषांची रस्त्यावरची चालसुद्धा मंदावली, तर घरकामाने दिवस बांधलेला असलेल्या स्त्रिया भरभर चालत होत्या. एकांत आणि सवड मुबलक असूनही आशा आटली, कारण चौघांबरोबरचे, वेळेला बांधलेले काम गेले होते.

याची दुसरी बाजू आपल्याकडे गोव्यात दिसली. ‘संगत’ या संस्थेच्या कामाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी मदत केली. सुटलेली कामे, थांबलेल्या भेटीगाठी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करणे, हा त्या उपचाराचा गाभा होता. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे मिळालेले रुग्ण अधिक प्रमाणात सावरले.

विदर्भाला हे परके नाही. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या ‘ग्रामगीते’त सामुदायिक प्रार्थनेची आणि ग्रामशुद्धीची स्वतंत्र मांडणी आहे. पहाटेचे ध्यान त्यांनीही सांगितले, पण दिवस तिथे संपवला नाही: सकाळी हातात झाडू, संध्याकाळी गावाबरोबर प्रार्थना. भक्ती बाजूला ठेवून पाहिले तरी या दिनक्रमातले मानसशास्त्र मला आजच्या आत्मसुधारणेच्या पुस्तकांपेक्षा खोल वाटते.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. गाव म्हणजे सगळ्यांचे गाव, असे कधीच नव्हते. पारावर बायका बसत नव्हत्या, चावडीवर दलितांना समान जागा नव्हती. म्हणून ‘गावात मिसळा’ एवढे म्हणणे अपुरे आहे. बचत गटाची बैठक, बुद्धविहारातली वंदना, रोवणीला एकत्र जाणाऱ्या बायांचा गट, जिथे आपली गैरहजेरी कुणाच्या लक्षात येते असे एखादे ठिकाण प्रत्येकाला हवे. आणि रोजची सवय हीच असावी: काल कोण आले नाही, हे पाहायचे आणि त्याच्या दारी जायचे. त्याने कर्ज फिटत नाही, धानावरचा तुडतुडा हटत नाही. पण धान खरेदी केंद्रावर सातबारा देऊन नोंदणी करायची राहिली असेल तर कुणीतरी आठवण देते, सोबत जाते आणि मुदत संपायच्या आत ती नोंदणी होते.