फेरकुव्याच्या चुली

बागच्या लेण्यांतली चित्रं कशाने गेली, असं विचारलं की आजोबा आधी धुराचं नाव घेत, पाण्याचं नंतर. डोंगरातून झिरपणारं पाणी आणि ठिसूळ दगड ही कारणं त्यांना ठाऊक होती. पण आडोशाला उतरलेल्या साधूंनी, गुराख्यांनी पेटवलेल्या आगीचा धूर पाचव्या-सहाव्या शतकातल्या त्या रंगांवर बसत गेला, याची त्यांना जास्त हळहळ वाटे. त्यांचे वडील शिंदे सरकारच्या अमझेरा जिल्ह्यात कारकून होते. 1921 साली ग्वाल्हेर दरबारने नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना या चित्रांच्या नकला करायला बोलावलं, त्या वेळच्या गोष्टी आजोबांनी वडिलांकडूनच ऐकलेल्या. आजोबा म्हणत, थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाने आग पेटवली, त्याला दोष कसा द्यायचा? पण भिंत काळी झाली ती झालीच.

मोठ्या आत्याला कुक्षीला दिलं होतं. तिच्याकडून फेरकुव्याची हकिगत ऐकताना मला आजोबांचं हे बोलणं नेहमी आठवे.

25 डिसेंबर 1990 ला बडवानीजवळच्या राजघाटावरून नर्मदा बचाव आंदोलनाची संघर्ष यात्रा निघाली. मेधाताई पाटकर होत्या, बाबा आमटे होते, निमाडचे शेतकरी होते, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरातले आदिवासी होते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या जागेपर्यंत पायी जायचं ठरलं होतं. गुजरातच्या हद्दीवर, फेरकुव्याला पोलिसांनी अडवलं. आम्ही हात उचलणार नाही, हे दाखवायला लोक हात बांधून घेऊन तुकड्या-तुकड्यांनी पुढे जात. 7 जानेवारीला मेधाताई आणि काही साथी उपोषणाला बसले आणि ते उपोषण तीन आठवडे चाललं. हद्दीच्या पलीकडे धरणाच्या बाजूने जमलेल्यांचाही मुक्काम होता.

त्या मुक्कामात आत्याही होती. तिच्या सांगण्यात घोषणा कमी आणि चुली जास्त असत. जानेवारीची थंडी, उघड्यावर झोपलेली हजारो माणसं. संध्याकाळ झाली की रस्त्याच्या कडेने चुली आणि शेकोट्या पेटत. निमाडातून धान्य येई, भाकऱ्या थापल्या जात, पण सरपण कुठून आणायचं? पहिले काही दिवस जवळपासच्या काटक्या पुरल्या. मग बाया लांब जायला लागल्या, मग ओल्या फांद्याही मोडू लागल्या. ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. सकाळी उठल्यावर डोळे चुरचुरत. ओढ्याच्या काठाला बायकांना अंधारातच जाऊन यावं लागे आणि पुढे तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. ‘‘शेजारच्या पाड्यावरच्या बाया आम्हाला काही बोलल्या नाहीत गं,’’ आत्या सांगे, ‘‘पण हंडा घेऊन रोजच्यापेक्षा वरच्या अंगाला जायला लागल्या. ते मी पाहिलं.’’

हे सांगताना आत्याचा आवाज खाली येत नसे. आंदोलनाचं काही चुकलं, असं तिला कधीच वाटलं नाही. पण ज्या पाड्याच्या सरपणावर आणि पाण्यावर आपण महिना काढला, त्याचं देणं लागतो, असं ती ठामपणे म्हणे. नंतर कुक्षीच्या बायांच्या बैठकीत तिने आग्रह धरला होता, की पुढच्या मुक्कामाला आपल्या शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बैलगाडीत भरून न्यायच्या आणि ओढ्यापासून दूर चर खणून रोज माती लोटायची. मला यात मोठं शहाणपण दिसतं. सरकारी जमीन म्हणजे कुणाचीच नसलेली जमीन, हा शहरी समज आहे. गायरानावर कुणाची तरी गुरं चरतात, रस्त्याकडेच्या पळसाची पानं कुणीतरी पत्रावळीसाठी तोडतं.

म्हणून मोर्चाच्या मुक्कामात घाण होते, झाडं तुटतात, ही तक्रार मला खोटी वाटत नाही. ती करणाऱ्यांनी दुसरं मापही तेवढ्याच बारकाईने घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. सरदार सरोवराला 1987 मध्ये पर्यावरणाची मंजुरी मिळाली ती अटींवर. कितीतरी अभ्यास नंतर करायचे ठरले. बुडितात जाणारी जमीन 37,690 हेक्टर, त्यातलं जंगल 13,542 हेक्टर. फेरकुव्यानंतर जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या समितीने 1992 मध्ये लिहून दिलं, की पुनर्वसनाचा आणि पर्यावरणाचा विचार नीट झालेलाच नाही. 1993 च्या मार्चमध्ये बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं, धरण मात्र थांबलं नाही. आत्याच्या ओढ्याचा काठ एका पावसाळ्यात धुऊन निघाला असेल. जंगलाच्या त्या हेक्टरांना असा पावसाळा नाही.

आणि मुक्काम फक्त आंदोलकांचेच होतात असंही नाही. 2017 च्या जुलैअखेर बुडितातली गावं रिकामी करायचा हुकूम होता. तेव्हा आमच्या धार जिल्ह्यात सरकारनेच पत्र्याच्या शेडांच्या रांगा उभ्या केल्या. ज्यांची पक्की घरं आणि गोठे होते, त्यांनी त्या पत्र्यांखाली राहावं, अशी अपेक्षा होती. त्याच दिवसांत चिखलद्याला मेधाताई पुन्हा उपोषणाला बसल्या आणि 7 ऑगस्टला पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. 2019 च्या सप्टेंबरात पाणी 138.68 मीटरला पोचलं. चिखलदा बुडालं, निसरपूरचा भरभरून चालणारा बाजारही बुडाला.

त्या शेडांसाठी सपाट केलेल्या जमिनीवर आधी काय उगवत होतं, तिथल्या लोकांनी सरपण कुठून आणलं, सांडपाणी कुठे सोडलं, हेही आता कुणीतरी गावोगाव फिरून लिहून ठेवायला हवं. सांगणाऱ्या बाया अजून आहेत. आत्यासारख्याच त्यांनाही कोणती विहीर आधी आटली आणि कोणत्या झाडाच्या फांद्या आधी गेल्या, ते नावानिशी आठवत असेल.