‘नाविगातोरी’ वर्गातील इटालियन विनाशिका : वेग, शस्त्रबळ आणि स्थिरता

दोन महायुद्धांमधील इटालियन नौदलाचा अभ्यास बहुधा मोठ्या युद्धनौका व क्रूझर यांच्याभोवतीच फिरतो. विनाशिकांचा विचार त्यामानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात ‘नाविगातोरी’ वर्गातील बारा जहाजांच्या आधारे एकच प्रश्न तपासला आहे : चाचणीतील वेग हा जहाजाच्या सामर्थ्याचा पुरावा मानता येतो काय?

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने मोठ्या युद्धनौकांबाबत इटलीला फ्रान्सच्या बरोबरीचे स्थान दिले. विनाशिकांच्या संख्येवर मात्र बंधन घातले नाही. फ्रान्सने ‘जाग्वार’ व नंतर ‘गेपार’ वर्गातील मोठ्या विनाशिका बांधावयास घेतल्या. त्यांना उत्तर म्हणून इटलीने १९२७-२८ मध्ये या जहाजांच्या बांधणीस प्रारंभ केला व त्यांना जुन्या दर्यावर्दींची नावे दिली. (मॅजेलनच्या सफरीचा वृत्तांत लिहिणारा पिगाफेत्ता त्यांपैकीच एक.)

लांबी सुमारे १०७ मीटर, रुंदी मात्र जेमतेम १० मीटर. या अरुंद सांगाड्यावर १२० मिलिमीटरच्या सहा तोफा तीन जोड्यांत बसविल्या होत्या : एक जोडी पुढे, एक मध्यभागी, एक मागे. शिवाय पाणतीरांच्या सहा नळ्या आणि पाणसुरुंग वाहण्याची सोय. विमानांविरुद्ध मुख्य तोफांचा उपयोग फारसा नव्हता. आरेखनातील वेग ३८ नॉट. चाचण्यांत काही जहाजांनी ४० नॉटही ओलांडले. परंतु या चाचण्या हलक्या भाराने घेतल्या जात. प्रत्यक्ष सेवेत वरचा भार जास्त, स्थिरता अपुरी, असे लवकरच आढळून आले. आधी वरचे बांधकाम कमी करण्यात आले. युद्धाच्या तोंडावर बहुतेक जहाजांची रुंदी सुमारे एक मीटरने वाढवून नाळही बदलण्यात आली. स्थिरता सुधारली, वेग घटला. ज्या वेगासाठी हा खटाटोप केला, तोच असा सोडावा लागला! प्रस्तुत लेखकाच्या मते दोष अभियंत्यांच्या अज्ञानाचा नव्हे, तर शांत पाण्यातील आकड्याला बक्षीसपात्र मानणाऱ्या धोरणाचा होता. टेहळणीसाठी कल्पिलेली ही जहाजे १९३८ मध्ये विनाशिकांच्या यादीत गेली.

शस्त्रबळ मात्र सर्वस्वी निरुपयोगी ठरले नाही. १६ एप्रिल १९४१ रोजी ट्यूनिशियाच्या किनाऱ्याजवळ मालवाहू ताफ्याचे रक्षण करताना ‘लुका तारिगो’ बुडत असतानाही तिच्या पाणतीरांनी ‘मोहॉक’ ही ब्रिटिश विनाशिका बुडविली. बारांपैकी युद्धानंतर उरली ती एकटी ‘निकोलोसो दा रेक्को’.

समुद्राला तोंड देण्याचा प्रश्न नंतरच्या वर्गांतही सुटला नाही. २३ मार्च १९४२ रोजी सिर्तेच्या दुसऱ्या लढाईनंतर परतताना ‘लान्चिएरे’ व ‘शिरोक्को’ या दोन विनाशिका शत्रूच्या माऱ्याने नव्हे, वादळाने बुडाल्या.