डोळ्यांखालच्या सुईची कुळकथा

रायगडात डोलवीच्या शेजारी, पेण-हमरापूरच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी नवशिक्याच्या हाती देत नाहीत. माणसाच्या डोळ्यांखालची जागाही तशीच अवघड. तिथली कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. वयानं आलेला खळगा बुजवायला हल्ली तिथे पॉलिलॅक्टिक आम्लाचे कण टोचतात. शरीर त्यांना परकं समजून वेढा घालतं आणि त्या धांदलीत आजूबाजूला नवं कोलॅजन तयार होतं. कण पुढे विरून जातात, कोलॅजन मागे राहतं.

या सुईचं कूळ थेट आंबलेल्या दुधात सापडतं. 1780 साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शील यांनी त्यातून लॅक्टिक आम्ल वेगळं काढलं, म्हणजे आपल्या दह्याची आंबट चव. 1932च्या सुमारास अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ कॅरोदर्स यांनी त्याच्या लांब साखळ्या जोडल्या, तेच पॉलिलॅक्टिक आम्ल. अंगात विरणारे टाके याच घराण्यातले. खळगे बुजवायला 1981मध्ये गाईचं कोलॅजन सुईवाटे आलं खरं, पण ते काही महिन्यांतच ओसरायचं.

खरं वळण मिळालं ते एचआयव्हीमुळे. रायगडातच पाताळगंगेला कारखाना असलेल्या मुंबईच्या सिप्लानं 2001मध्ये तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरच्या आत देऊ केला. असंख्य जीव वाचले. त्या तिघांतलं स्टॅव्ह्युडिन मात्र चेहऱ्यावरची चरबी झडवायचं. गाल बसत, डोळे खोल जात आणि लपवलेला आजार चेहराच सांगून टाकी. 2004च्या एप्रिलमध्ये आपल्या सरकारनं मोफत औषधं सुरू केली, त्यांतही स्टॅव्ह्युडिन होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनं याच कणांच्या ‘स्कल्प्ट्रा’ या सुईला मान्यता दिली, ती अशाच बसलेल्या गालांसाठी.

2009मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्टॅव्ह्युडिन टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं. त्याच वर्षी अमेरिकेत हीच सुई निरोगी माणसांच्या सुरकुत्यांसाठी मंजूर झाली. आजाऱ्यासाठी आलेली वस्तू हौसेची झाली! हौसेला माझी हरकत नाही, पण हे कूळ जाहिरातीत कुणी सांगत नाही.

त्या मंजुरीत डोळ्यांखालची जागा नव्हती. तिथे टोचणं हा डॉक्टरांचा स्वतःचा निर्णय असतो. कणांची गाठ झाली तर पातळ कातडीखाली ती लगेच दिसते. क्वचित कण रक्तवाहिनीत शिरून दृष्टीही जाते. तेव्हा सुई घेण्याआधी कुपीवरचं नाव विचारा. हायलुरोनिक आम्लाचा भराव चुकला तर विरघळवता येतो. या कणांवर तसा उतारा नाही.