डावीकडून तिसरा

जुने फोटो स्कॅन करायचे म्हटलं की लोक आधी स्कॅनरच्या किमती विचारतात. हे म्हणजे लग्न ठरायच्या आधी मांडववाल्याला इसार देण्यासारखं आहे. स्कॅनरचं काम सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत सोपं. खरी मेहनत त्याच्या आधीची. ट्रंक उघडणे, शिंकणे, फोटो पुसणे आणि 'हा कोण?' या प्रश्नावर घरात मतदान घेणे!

आमची ट्रंक भिवपुरीची. बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो. नेरळ आणि कर्जतच्या मधे लोकल थांबते ते स्टेशन 'भिवपुरी रोड'. रेल्वेने गावाच्या नावापुढे 'रोड' लावलं की समजावं, गाव अजून लांब आहे. या भिवपुरीला १९२२ साली टाटांचं वीजघर सुरू झालं. वर मावळात ठोकरवाडीच्या धरणात अडवलेलं पाणी, जे एरवी बंगालच्या उपसागराकडे जायचं, ते पाइपांतून खाली कोकणात उतरतं आणि जाता जाता मुंबईला वीज देऊन जातं. आमचे पणजोबा तिथे नोकरीला होते. त्यामुळे ट्रंकेतल्या निम्म्या फोटोंत मागे पाइप आहे आणि पुढे पणजोबा आहेत. दोघेही सारखेच ताठ.

फोटोची विद्या पॅरिसात जाहीर झाली १८३९ च्या ऑगस्टात. मुंबईने फार उशीर केला नाही. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही निघाला. आमच्या बाजूला कॅमेरा चढला तो बोरघाटातल्या रेल्वेबरोबर. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी ॲलिस पहिल्या बोटीने माहेरी गेली नाही. तिने नवऱ्याचं कंत्राट पुरं करून घेतलं, आणि कामाचे फोटोही काढले. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. बाईंचं नाव राहिलं, ते राहायलाच हवं. पण काम जोरात होतं तेव्हा त्या घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकी आली, दरडी आल्या. त्यांतला कुणी एखाद्या फोटोत आलाच असेल तर तो नुसता 'माणूस', बांधकामाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. त्याचं नाव मागे लिहून ठेवायचं कुणाला सुचणार?

असो. आपल्या ट्रंकेकडे वळू.

फोटोचा पहिला शत्रू कर्जतचा पाऊस, दुसरा नातेवाईक. पावसाने बुरशी येते, कसर लागते, काचेला फोटो चिकटतो. तो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. नातेवाईकांचं तसं नाही. ते 'फक्त बघायला' म्हणून फोटो नेतात आणि पिढीभर बघत राहतात. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घराघरांत शिरली तेव्हा जे फोटो गेले ते गेलेच. आमच्याकडचे काही वाचले ते असे 'बघायला' नेलेलेच होते, हे मात्र नातेवाईकांच्या बाजूने जमा धरलं पाहिजे.

भिंतीवरच्या फोटोंची गंमत वेगळी. पणजीचा हारातला फोटो ग्रुप फोटोतून कापून, मोठा करून, रंगवलेला आहे. पणजोबांनी आयुष्यभर ज्या कुड्या केल्या नाहीत त्या पेंटरने कुंचल्याच्या दोन टिपक्यांत करून दिल्या! काचेवरचं कुंकू ओलं फडकं घेऊन पुसायला जाऊ नका. पाणी फ्रेमच्या फटीतून आत उतरतं. आधी मऊ, कोरडा ब्रश.

रंगीत म्हणजे नवा आणि नवा म्हणजे टिकाऊ, हा आपला समज असतो. काळ्यापांढऱ्या फोटोत चांदी असते, रंगीत फोटोत नुसते रंग. म्हणून १९५५ चा फोटो अजून ठणठणीत आणि १९८५ चं अख्खं वऱ्हाड लाल पडलेलं. त्यात तो चिकट पानांचा आल्बम! वर प्लास्टिक, खाली गोंद, मधे आमचे काका-काकू. गोंदाने ती दोघं इतकी धरून ठेवली आहेत, की सप्तपदीलाही जमलं नसतं. तिथे दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवावा. निघाला तर ठीक, नाहीतर पानासकट स्कॅन. क्लिक थर्डचे चौकोनी फोटो लहान असतात, ते निदान सहाशे डीपीआयवर घ्यावेत. निगेटिव्ह सापडली तर उत्तमच. मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी आणि ती दोन ठिकाणी, दोन वेगळ्या घरांत.

आता बँकवाल्याचं बोलतो. हल्ली चेक स्वतः प्रवास करत नाही. त्याचं चित्र जातं, कागद जिथे भरला त्या बँकेतच राहतो. पण चित्र कितीही स्वच्छ असो, नाव आणि तारीख नसेल तर चेक परत! फोटोला मात्र असं कुणी परत पाठवत नाही, तो बिननावाचा तसाच पुढच्या पिढीच्या खात्यात जमा होतो. बायकांच्या बाबतीत तर घोळ दुप्पट. लग्नात ताटातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं की माहेरचं गेलं. एकाच मुलीचे दोन फोटो दोन निराळ्या बायका म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं वेगळ्या पाकिटांत राहत होते.

म्हणून आमच्या तयारीचा मुख्य भाग म्हणजे आत्या. वय शहाऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, स्मरणशक्ती माझ्या बँकेच्या सर्व्हरहून बरी. तिच्यासमोर एकेक फोटो ठेवायचा आणि ती सांगेल ते मागे मऊ पेन्सिलने, काठाजवळ, न दाबता लिहायचं. बॉलपेन नको, त्याची शाई पुढून दिसते. माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव. नंतर तेच फाइलच्या नावात.

वीजघराच्या पाइपापुढचा अकरा जणांचा फोटो आला. सात नावं तिने धडाधड सांगितली. तिघांवर मान हलवली. डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवून मात्र थांबली.

"अगं आत्या, कोण हा?"

"नाव नाही रे आठवत. पण हा आला की आजी पातेल्यात मूठभर तांदूळ जास्त घालायची."

"आपल्या नात्यातला?"

"छे! घाटावरचा होता. एकटाच राहायचा. एका पावसात गेला तो परत आलाच नाही. आजी मग बरेच दिवस तेवढेच तांदूळ घालत होती."

पुतण्या कॉम्प्युटरपाशी बसला होता. म्हणाला, "काका, काय टाइप करू? नावाशिवाय फाइल सेव्ह होत नाही."

मी म्हटलं, "लिही, भिवपुरी, पाइपापुढे, डावीकडून तिसरा, मूठभर तांदूळ जास्त."